उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी

उभ्या गाडीची बॅटरी तीन कारणांनी उतरते. बॅटरीच जीर्ण झालेली असते, चालत्या गाडीत ती पुरेशी चार्ज होत नाही, किंवा गाडी बंद असतानाही कुठेतरी करंट खाल्ला जातो. या तिसऱ्या प्रकाराला गॅरेजमध्ये सरसकट ‘लीकेज’ म्हणतात. सौदी अरेबियात पहिल्या कारणाचा इतका बोलबाला आहे, की उरलेली दोन तपासायच्या आधीच नवी बॅटरी बसवून लोक मोकळे होतात. ती दोन-तीन महिन्यांत बसली की दोष पुन्हा उन्हाला किंवा बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. दम्माम, रियाध, जेद्दा या शहरांच्या सनय्यांमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या औद्योगिक वस्त्यांमध्ये, ‘कहरबा सय्यारात’ अशा पाट्यांखाली रत्नागिरी-रायगडकडची बरीच माणसे वायरिंगचे काम करत आली आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये अशी दुसरी किंवा तिसरी बॅटरी घेऊन आलेली गाडी हमखास असते.

उन्हाचा दोष खोटा नाही. रियाधमध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ वर जातो. शिसे आणि ॲसिडच्या बॅटरीत तापमान १० अंशांनी वाढले की आतल्या क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतात. प्लेटांची जाळी झिजणे, पाणी उडून जाणे आणि नुसते पडून राहून चार्ज ओसरणे, तिन्ही गोष्टी वेगाने होतात. महाराष्ट्रात तीन-चार वर्षे सहज जाणारी बॅटरी इथे दीड-दोन वर्षांत हात टेकते. उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या काही बॅटऱ्यांत ॲसिड मुद्दाम थोडे पातळ ठेवतात, घनता १.२८ ऐवजी १.२४ च्या जवळपास. अशी बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही १२.५ व्होल्टच दाखवते. पुस्तकातला १२.६-१२.७ चा आकडा पाठ करून आलेला नवखा तिला अर्धवट चार्ज झालेली समजतो.

पण ऊन आणि लीकेज ही एकमेकांना झाकणारी कारणे आहेत, आणि निदान अवघड होते ते इथेच. ६० ॲम्पिअर-तासांची नवी बॅटरी लहानसे लीकेज आठवडाभर पचवते. मालक रोज गाडी काढतो, बॅटरी रोज थोडी भरते, आणि कोणाला काही कळत नाही. वर्षभराच्या उन्हाने तीच बॅटरी ३५-४० वर आली, की तेवढेच लीकेज आधीपेक्षा बऱ्याच कमी दिवसांत गाडी बंद पाडते. बॅटरी बदलली की आजार दबतो, जात नाही. शिवाय बॅटरी वारंवार पूर्ण उतरली आणि तशीच उन्हात पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि चांगली बॅटरीही लवकर मरते. लीकेजने बॅटरी मरते आणि मेलेल्या बॅटरीमुळे लीकेज दिसत नाही, असा हा फेरा आहे.

कोकणातून गेलेल्या वायरमनला या कामाची पहिली अडचण येते ती जुन्या सवयीची. चिपळूण, खेड, महाड पट्ट्यात जीप, टेम्पो आणि रिक्षांवर ज्याचा हात बसलेला असतो, त्याची लीकेज तपासायची रीत सोपी असते: निगेटिव्ह टर्मिनल काढायचे, पुन्हा टेकवायचे, ठिणगी उडाली तर लीकेज आहे. थोडा सावध माणूस टर्मिनल आणि केबलच्या मध्ये १२ व्होल्टचा दिवा लावून तो पेटतो का पाहतो. ज्या गाडीत घड्याळाखेरीज रात्री काहीच चालू नसते, तिथे ही रीत चोख आहे. सौदीतल्या अलीकडच्या गाडीत मात्र इंजिन, गिअर, एअरबॅग, दरवाजे, अलार्म अशा प्रत्येकाचा वेगळा कॉम्प्युटर असतो. टर्मिनल टेकवल्याबरोबर ते सगळे जागे होतात आणि निरोगी गाडीतही ठिणगी उडतेच. ठिणगी पाहून वायरिंग उकलत बसलेला माणूस दिवस घालवतो, आणि त्याच्या हाताला काही लागत नाही.

म्हणून काम सुरू होते ते बॅटरी आणि डायनामोपासून. इथे डायनामोच म्हणतात, अल्टरनेटर हा शब्द बिलापुरता. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, काहीही चालू न करता घेतलेले व्होल्टेज खरे. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगलेला येतो; दोन मिनिटे हेडलाइट लावून ठेवले की तो उतरतो. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव बॅटरी उरली असे धरतात. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ लागले, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे. भरलेल्या बॅटरीचीही तीच गत असेल, तर तिची रवानगी भंगारात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळाले म्हणजे डायनामो ठीक. तापलेल्या इंजिनावर रेग्युलेटर हा आकडा मुद्दाम थोडा खाली आणतो, आणि काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मध्येच कमी करतो. तेव्हा एका आकड्यावरून डायनामो उतरवू नये. बॅटरी घेताना तिच्यावरची तारीखही पाहावी. गरम दुकानात सहा महिने मांडणीवर पडलेली ‘नवी’ बॅटरी घेण्यापेक्षा दहा रियाल जास्त देऊन ताजी घेणे स्वस्त पडते.

बॅटरी आणि डायनामो दोन्ही ठीक निघाले, तरच लीकेजच्या मागे लागण्यात अर्थ. हे काम रात्रीचे. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करायला बंदी असते. पण ती नसती तरी हे काम दुपारी नीट होत नाही. कारण पुढे येईल.

आधी सगळे दरवाजे उघडून ठेवायचे आणि त्यांची कुलुपे स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करायची. दरवाजा उघडाच राहतो, पण गाडीला तो बंद वाटतो आणि आतल्या फ्यूज-पेटीपर्यंत हात पोहोचतो. बॉनेटला स्विच असेल तर तोही असाच दाबून ठेवायचा. रिमोटची किल्ली गाडीपासून लांब न्यायची. खिशात ठेवली तर गाडी तिच्याशी बोलत राहते. मल्टिमीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घालायची. नंतर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला, दोन्ही जागी असतानाच, घट्ट पकडवायचे. मग १० नंबरच्या पान्याने नट सैल करून क्लॅम्प अलगद वर उचलायचा. अशाने करंट क्षणभरही तुटत नाही, तो मीटरमधून वाहू लागतो आणि गाडीतले कॉम्प्युटर विनाकारण जागे होत नाहीत. यानंतर चुकूनही दाबलेले कुलूप सोडायचे नाही की किल्ली फिरवायची नाही. सेल्फ मारला तर मीटरमधला फ्यूज उडतो, आणि तो रात्री अकराला कुठे मिळत नाही. ज्यांना परवडतो ते डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवतात. टर्मिनल सोडावेच लागत नाही.

आता थांबायचे. सुरुवातीला मीटर तीन-चार ॲम्पिअर दाखवतो. काही मिनिटांनी दीड, मग अर्धा, आणि वीस मिनिटे ते एक तास एवढ्या अवधीत तो पायरी-पायरीने खाली येत २० ते ५० मिलिॲम्पिअरवर स्थिरावतो. हे निरोगी गाडीचे लक्षण. नवखा पहिल्या पाच मिनिटांतच ‘दोन ॲम्पिअर लीकेज सापडले’ म्हणून उठतो आणि फ्यूज उपसायला लागतो. या कामात चुका होतात त्यांतल्या बहुतेक हातापेक्षा घाईने होतात. गिऱ्हाईक बाजूला उभे असते, मालकाला पुढची गाडी घ्यायची असते, आणि तासभर काहीच न करता मीटरकडे बघणाऱ्या माणसाला पैसे कशाचे द्यायचे, हे दोघांनाही पटत नाही. दिवसाकाठी गाड्या मोजणाऱ्या गॅरेजात लीकेज सापडत नाही, ते बऱ्याचदा एवढ्याचसाठी.

तासानंतरही मीटर ५० मिलिॲम्पिअरच्या बराच वर राहिला, तर शोध सुरू. एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते पाहणे ही शाळेतली पद्धत. तिच्यात खोट अशी, की फ्यूज परत बसवताच तो कॉम्प्युटर जागा होतो आणि झोपलेल्या घरात एकाने हाक मारावी तसे बाकीचेही उठतात. पुन्हा तासभर थांबणे आले. म्हणून फ्यूज न काढता मोजायचे. बहुतेक फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांवर टोके टेकवायची. शून्य आले तर त्या फ्यूजमधून काही जात नाही. साध्या १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट आला तर साधारण सव्वाशे मिलिॲम्पिअर जात आहेत; फ्यूज जितका मोठा, तितका त्याच एका मिलिव्होल्टमागचा करंट जास्त. पाच मिनिटांत सगळी पेटी तपासून होते आणि गाडी झोपलेलीच राहते.

दम्मामकडे नेहमी आढळणारा एक प्रकार यातून कसा उलगडतो ते पाहण्याजोगे आहे. चार-पाच वर्षे जुनी सेडान, बॅटरी दोनदा बदललेली, शुक्रवार-शनिवार उभी राहिली की रविवारी बंद. तासाभराने मीटर ०.४५ ॲम्पिअरवर थांबतो. मिलिव्होल्टची फेरी मारली की आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर आकडा मिळतो. डोक्यावरचे दिवे विझलेले दिसतात, आरशाजवळचेही. उरतो डिकीतला. डिकी उघडली की तो पेटणारच, मग बंद डिकीत तो विझतो की नाही हे कळणार कसे? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवतात, झाकण लावतात आणि दोन मिनिटांनी काढून बघतात. चित्रफितीत दिवा शेवटपर्यंत जळत असतो. ५ वॅटचा दिवा म्हणजे ०.४२ ॲम्पिअर, दिवसाला १० ॲम्पिअर-तास. दोन दिवसांत वीस. उन्हाने अर्ध्यावर आलेल्या बॅटरीला एवढे पुरते. कारण असते डिकीच्या कुलपातला बारीक स्विच. पिठासारखी धूळ ग्रीसमध्ये मिसळून त्याचा लगदा होतो आणि स्विच अडकून राहतो. स्प्रे मारून, ब्रशने साफ करून, कोरडे वंगण दिले की संपले. सामान शून्य रियाल, वेळ दीड तास.

मोबाइल नसतानाच्या काळात दिव्याला हात लावून पाहत. गरम लागला तर तो जळत होता. दुपारचे काम नको ते यासाठी. ४५ अंशांत डिकीतले सगळेच हाताला चटका देते. दिवा, रिले, डायनामो, काहीच बोटाने ओळखता येत नाही. पहाटे मात्र चिकटलेला रिले बाकीच्या रिलेंपेक्षा स्पष्ट कोमट लागतो.

कधी कधी सगळ्या फ्यूजांवर शून्य येते आणि मीटर तरी अर्ध्या ॲम्पिअरवर ठाम असतो. मग संशय फ्यूज-पेटीच्या बाहेरच्या जाड केबलींवर, म्हणजे डायनामो आणि सेल्फ यांच्यावर. डायनामोत करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात. इंजिनाच्या आणि हवेच्या उष्णतेने त्यांतला एखादा बाद झाला, की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरतो. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो पहाटे कोमट लागला तर निदान जवळपास झालेच. खात्री करायला आधी बॅटरीचे निगेटिव्ह सोडायचे, मग डायनामोच्या मागची जाड वायर काढून तिचे टोक गुंडाळायचे आणि पुन्हा मोजायचे. हा डायनामो चार्जिंग बऱ्यापैकी करत असतो, म्हणून पहिल्या तपासणीत सुटतो. बदली डायनामो तश्लीहमधून, म्हणजे भंगार गाड्यांच्या बाजारातून, आणायचा असेल तर तो बसवण्याआधीच तपासावा. तोही याच उन्हात तापलेला असतो.

खरे सांगायचे तर कारखान्यातून आलेल्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वस्तूच जास्त वेळा गुन्हेगार निघतात. टेपला दोन वायर असतात, पिवळी कायम करंटाची आणि लाल किल्लीवर चालणारी. घाईत दोन्ही एकत्र पिळून टाकल्या की टेप रात्रभर जागा राहतो. डॅश-कॅमेरा ‘पार्किंग’वर ठेवला की तो उभ्या गाडीत दोनशे-तीनशे मिलिॲम्पिअर सहज खातो, त्याला ठरावीक व्होल्टेजला बंद करणारे बटण असेल तर ते ११.६ वर न ठेवता १२.२ च्या वर न्यावे. कंपनीच्या गाड्यांत ट्रॅकर असतो. तो काढायची ड्रायव्हरला परवानगी नसते आणि वायरमननेही परस्पर काढू नये. त्याचा करंट मोजून आकडा कागदावर लिहून द्यावा, म्हणजे ड्रायव्हरला कंपनीशी बोलायला आधार मिळतो. नाहीतर बॅटरीचे पैसे त्याच्याच पगारातून जायचे. ट्रकांमध्ये वेगळाच घोळ असतो. तिथे १२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि कोणीतरी १२ व्होल्टचा टेप किंवा पंखा सोयीसाठी एकाच बॅटरीवर लावलेला असतो. ती एक उतरते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि दोन्ही लवकर जातात. यावर उपाय २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. बॅटऱ्या बदलत राहणे नव्हे.

समुद्रकाठच्या दम्माम-जेद्दात आणखी एक किरकोळ पण फसवा प्रकार आढळतो. बॅटरीच्या माथ्यावर धूळ, दमट हवा आणि ॲसिडची वाफ यांचा ओलसर थर बसतो आणि त्यातूनच दोन खांबांमध्ये थोडा करंट वाहतो. मीटरचे एक टोक निगेटिव्हला आणि दुसरे प्लॅस्टिकच्या माथ्यावर फिरवले तर व्होल्टेज दिसते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसले की जाते. झाकणे घट्ट लावूनच पुसावे. आतली पातळी कमी असेल तर बॅटरीचे पाणीच घालावे. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात क्षार असतात.

लीकेज नसतानाही लीकेजचा भास होतो तो छोट्या फेऱ्यांमुळे. मुलांना शाळेत सोडणे, मशीद, बकाला म्हणजे किराणा दुकान, परत घर. दर खेपेला दहा मिनिटे, एसी पूर्ण जोरात, निम्मा वेळ सिग्नलवर. तापलेला डायनामो इंजिनाच्या कमी वेगावर जे देतो ते एसीचा पंखा आणि रेडिएटरचे पंखे खाऊन टाकतात. बॅटरीच्या वाट्याला फार थोडे येते. अशा गाडीत रात्री मीटर ३० मिलिॲम्पिअर दाखवतो आणि तरी पंधरा दिवसांनी इश्तिराक, म्हणजे दुसऱ्या गाडीवरून केबल टाकणे, चुकत नाही. तिथे वायरिंगला हात लावू नये. आठवड्यातून एकदा हायवेवर तासभर चालवा, एवढाच सल्ला द्यावा. गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक, त्यामुळे गावाकडचा धक्का स्टार्ट इथे चालत नाही. केबल टाकताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि चांगल्या बॅटरीचे निगेटिव्ह मेलेल्या बॅटरीला न लावता बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावे. उन्हात उकळलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन साठलेला असू शकतो.

राहिली सुट्टीची गोष्ट. गणपती, शिमगा किंवा ईदला गावी जाणारा माणूस गाडी महिना-दोन महिने कंपाउंडमध्ये उभी करून जातो आणि परतल्यावर ती बंद सापडली की लीकेज काढून द्या म्हणतो. हिशेब साधा आहे. ५० मिलिॲम्पिअर हे निरोगी गाडीचे प्रमाण, दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, ४५ दिवसांत ५४. साठच्या बॅटरीत मग उरले काय? शिवाय उन्हाने आपोआप ओसरणारे वेगळे. ही गाडी बिघडलेली नाही. हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, किल्ली देऊन ‘रोज पाच मिनिटे चालू कर’ म्हणण्याने काही साधत नाही. सेल्फ मारताना गेलेले कसेबसे भरून निघते, आणि तापत्या इंजिनाचा ताप बॅटरीला वेगळाच. गावाहून आणलेला चार्जर लावायचा असेल तर सॉकेट पाहावे. जुन्या इमारतींत १२७ (बोलीत ११०) आणि २२० व्होल्ट अशी दोन्ही असतात.

महिन्याहून जास्त जायचे असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि निघण्याच्या दिवशी निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला बांधून ठेवावे. निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन तो जागीच तापतो, वितळूही शकतो. टेपला कोड असेल तर तो आधी लिहून घ्यावा. ज्या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते, तिच्या डिकीला साधी किल्ली लागते का हे टर्मिनल काढण्याआधी पाहावे, नंतर नव्हे. शक्य असल्यास गाडी सावलीत ठेवावी. असे केलेल्या बॅटरीतून दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात चार्ज ओसरतो, पण बॅटरी धड असेल तर सेल्फपुरता उरतो. घड्याळ आणि काचांची सेटिंग तेवढी पुन्हा करावी लागते.